जवाईबापूंचा कूलर

हुडकेश्वरच्या मारोतराव वैरागड्यांनी उभ्या आयुष्यात एकच खोटं ठरवून बोलायचं मनावर घेतलं, आणि तेही स्वतःसाठी नाही, नागपूरसाठी. "नागपुरात ऊन असते, पण त्रास नाही होत," हे ते खोटं. पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एवढं एक वाक्य जड जाऊ नये. पण मारोतरावांचा हात लिहिण्यात चालायचा, बोलण्यात नाही.

कारण असं की त्यांची एकुलती एक मुलगी मयुरा आणि जावई सौरव पुण्यात राहतात. तिथं दोघांच्या पगाराचा मोठा घास घरमालक घेतो आणि उरलेला सिग्नलला उभं राहून पेट्रोल होऊन जातो. सौरवच्या कंपनीनं कुठूनही काम करायची मुभा दिली, तेव्हा मयुरानं नागपूरचं नाव काढलं. घरभाडं वाचेल, आईवडील जवळ राहतील. यावर सौरवच्या आईचं म्हणणं पडलं की नागपुरात उन्हाळ्यात माणसं घराबाहेर पडत नाहीत आणि पडली की लुटली जातात. माणसंच बाहेर पडत नसतील तर लुटणारे कुठून आले, हे मारोतरावांच्या अगदी जिभेवर आलं होतं. पण विहीणबाईंशी वाद घालायचा नसतो, म्हणून ते "हो जी, हो जी" म्हणाले आणि फोन ठेवल्यावर पंख्याकडे बघून बोलले.

सौरव सरळ माणूस. तो म्हणाला, "मी आठ दिवस तिथं राहून बघतो. इथल्या घराचा करार महिनाअखेर पुन्हा करायचा आहे. त्याआधी काय ते ठरवू."

मारोतरावांना काय हवं होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण सांगायची गरजही नव्हती. वरचा मजला त्यांनी मयुरासाठीच बांधला होता. भाडेकरू ठेवला नाही. रोज संध्याकाळी ते वर जायचे, रिकाम्या स्वयंपाकघरातला नळ सोडायचे, पाणी येतंय हे बघायचे आणि बंद करून खाली यायचे. पत्नी रंभाबाई त्यांना विचारायच्या नाहीत.

आता शहाण्या माणसानं जावयाला डिसेंबरात बोलावलं असतं. थंडी असते, संत्री असतात, सगळं शहर कसं गोडीत असतं. पण यंदा अधिक महिना आला तो ज्येष्ठाचा. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे आणि तेहतीस अनारसे त्याच्यापुढं ठेवायचे. तीन वर्षांतून एकदा येणारा मान तो. आणि नेमका या अधिक ज्येष्ठात नवतपा येऊन बसला होता, म्हणजे वर्षातले सगळ्यात कडक नऊ दिवस.

"अवं, हिवाळ्यात बोलावलं तर नाही चालत काय?" मारोतरावांनी विचारून पाहिलं.

"धोंडे हिवाळ्यात? लोकं काय म्हणतीन!" रंभाबाई म्हणाल्या. विषय संपला.

मयुराला सुट्टी मिळायला पाच दिवस लागणार होते, म्हणून सौरव एकटाच आधी आला. गाडी पोचली ऐन दुपारी. अशा वेळी नागपूरचा माणूस डोक्याला दुपट्टा गुंडाळून फक्त डोळे उघडे ठेवतो. पण दुपट्टा गुंडाळला म्हणजे ऊन आहे हे कबूल केल्यासारखंच झालं. मारोतराव बोडक्या डोक्यानं स्टेशनवर गेले.

"हवा चांगली आहे आज," ऑटोत बसल्यावर ते म्हणाले. त्यांच्या कानात शिट्ट्या वाजत होत्या.

"हो, छान आहे," सौरव म्हणाला. त्याला सगळ्याला छान म्हणायची सवय होती. ती पुण्याची म्हणावी की त्याची स्वतःची, हे मारोतरावांना कधीच कळलं नाही. घरी आल्यावर सौरव ताजातवाना आंघोळीला गेला, आणि मारोतरावांना रंभाबाईंनी पलंगावर आडवं करून तळपायाला कांदा चोळला.

मारोतरावांची बाकी तयारी चोख होती. वरच्या मजल्यावर दुपारी कढई तापते, म्हणून तिथं रंगकाम चालू आहे असं सांगून कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. शेजारीपाजारी फिरून, जवाईबापूसमोर ऊन आणि गुन्हेगारी हे दोन विषय काढायचे नाहीत, अशी ताकीद दिली. रोजच्या पेपरातून तापमानाचं आणि शहराच्या मारामाऱ्यांचं पान ते पहाटेच काढून घ्यायचे. दुसऱ्या दिवशी सौरवनं पेपर हातात धरून विचारलं, "इथं पेपर इतका पातळ येतो?"

"हो जी. नागपुरात काही घडतच नाही," मारोतराव म्हणाले.

सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. घात केला तो कूलरनं.

कूलर म्हणजे एसी नव्हे, हे ज्यांना माहीत आहे त्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल. कूलर खिडकीबाहेर बसतो. बाहेरची हवा ओल्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, जाळीतून ओढतो आणि आत ढकलतो. आत आलेल्या हवेला जायला वाट पाहिजे, म्हणून समोरचं दार उघडं ठेवायचं. एवढंच त्याचं शास्त्र. नागपुरात हे कुणी शिकवत नाही, चालायला लागण्याआधीच पोरांना कळतं. दार लावलं की ओल खोलीत कोंडते, आणि आतला माणूस इडलीसारखा शिजतो.

सौरवला मागची खोली दिली होती. त्यानं कूलर सुरू केला, दार घट्ट ओढून घेतलं, आणि गार हवा वाया जाऊ नये म्हणून दाराखालच्या फटीला टॉवेलही लावला.

संध्याकाळी तो बाहेर आला तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि चष्म्यावर धुकं धरलं होतं.

"झोप लागली ना जी?" मारोतरावांनी विचारलं.

"हो, छान. जरा दमट आहे इथली हवा."

दमट! नागपूरवर आजवर लोकांनी नाही नाही ते आरोप केले होते, पण दमटपणाचा हा पहिलाच. मारोतराव तडक स्वयंपाकघरात गेले.

"अवं, जवाईबापू दार लावून झोपून राहिले!"

"पाहिलं मी," रंभाबाई म्हणाल्या. "टावेल पण लावला खालून. सांगा ना तुम्ही."

"मी? जवाईबापूले? तुमचं चुकून राहिलं म्हणून? मले तुह्या बाबानं कधी म्हटलं होतं काय?"

नव्हतं म्हटलं. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला मारोतराव भिवापूरला सासुरवाडीला गेले होते, तेव्हा मी करतो, मी करतो म्हणत त्यांनी सगळ्यांच्या चहात साखरेच्या डब्याऐवजी मिठाचा डबा रिकामा केला होता. सासऱ्यांनी तो चहा प्यायला. दोन मेहुण्यांनी प्यायला. शेजारून आलेले एक गृहस्थ होते, त्यांनीही प्यायला आणि वर अर्धा कप मागून घेतला. जावयाची चूक दाखवायची नसते, पिऊन टाकायची असते, हा संस्कार मारोतरावांवर त्या चहानं झाला. तो आता मोडायचा म्हणजे काय?

म्हणून त्यांनी आडून आडून सुरुवात केली. कैरीचं पन्हं द्यायला गेले आणि येताना दार सताड उघडं ठेवून आले. सौरव मागोमाग धावत आला. "राहू द्या बाबा, मी लावतो ना. तुम्ही कशाला त्रास घेता?" दार बंद.

जेवताना त्यांनी मोठ्यानं गोष्ट सांगितली. "आमच्या ऑफिसात एक साहेब होते. दार लावूनच बसायचे. बम त्रास झाला त्याहीले. शेवटी बदलीच झाली."

"हो ना," सौरव म्हणाला. "आमच्या कंपनीत म्हणूनच साहेब लोकांना केबिनच ठेवली नाही." आणि हात धुऊन तो खोलीत गेला. दार लागल्याचा आवाज आला, पाठोपाठ टॉवेल सारल्याचाही.

शेवटी मारोतरावांनी समोरच्या ताराचंदला गाठलं. ताराचंदचं सीताबर्डीला तयार कपड्यांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांना नको ते गळ्यात मारणारा माणूस, त्याला एक वाक्य काय जड!

"अरे भाऊ, एवढीशी बात!" ताराचंद म्हणाला. "आपल्याले कायची शरम? आत्ता सांगून येतो." तो गेला आणि बराच वेळ आत बसला. बाहेर आला तेव्हा अंघोळ करून आल्यासारखा दिसत होता.

"सांगितलं?"

"नाही गा. त्यानं मले इतक्या इज्जतीनं खुर्ची दिली, स्वतः पाणी आणून दिलं. कसं सांगू?"

"मग इतका वेळ काय केलं?"

"त्याच्या मनातली गुन्हेगारीची भीती काढली."

"तुले मी तो विषय काढू नको म्हटलं होतं ना!"

"पूरा तर ऐक. मी म्हटलं, जवाईबापू, बेफिकीर राहा. आपल्या गल्लीत चोरी नाही होत. मागच्या गल्लीत होते."

मारोतरावांनी कपाळावर हात मारला. ताराचंदला स्वतःचंच वाईट वाटलं असावं, म्हणून त्यानं जाता जाता सल्ला दिला. नागपुरात सल्ला द्यायला पैसे पडत नाहीत आणि घ्यायलाही पडत नाहीत, त्यामुळे तो खूप चालतो. "दाराचं सोड गा. कूलरच मोठा लाव. हवेचा जोरच इतका पाहिजे की दार लावो का उघडो."

आता इथं थांबून विचार करायला हवा होता. दोन शब्द बोलून सुटणारी गोष्ट सोडवायला मोठं यंत्र आणायचं, हा कुठला शहाणपणा? पण दोन शब्द बोलायला जीभ लागते आणि यंत्राला फक्त खटपट लागते. खटपटीला मारोतराव कधी घाबरले नव्हते.

मंडपवाला गोविंदा त्यांच्या ओळखीचा. त्याच्याकडे लग्नाच्या लॉनवर लावायचे कूलर होते, माणसापेक्षा उंच, एकेका पंख्याचं पातं हाताएवढं. "घेऊन जा काका," गोविंदा म्हणाला. "अधिक महिना आहे, लग्न नाही का मुंज नाही. पडूनच राहिले. पण लोडचं पाहून घेजो. घराच्या मीटरवर नाही चालत हे."

मारोतराव कायद्यानं चालणारे. ते वीज ऑफिसात लोड वाढवायचा अर्ज घेऊन गेले. खिडकीतल्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "घरमालकाची ना-हरकत कुठं आहे?"

"मीच घरमालक."

"ते दिसून राहिलं. पण ना-हरकत जोडा लागते."

"म्हणजे माझीच मले?"

"हो जी."

मारोतराव बाहेरच्या बाकावर बसले आणि त्यांनी लिहिलं की, मी, मारोतराव वैरागडे, मारोतराव वैरागडे यांनी वीजभार वाढवून घेण्यास माझी कोणतीही हरकत नाही. मजकूर त्यांना आवडला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्याशी कुणीतरी रीतसर वागलं होतं. बाईंनी शिक्का मारला आणि सांगितलं, "पाऊस लागला की या. उन्हाळ्यात सगळेच येतात म्हणून उन्हाळ्यात नाही होत."

घरी येईपर्यंत गोविंदाची माणसं कूलर गल्लीत उतरवून उभी होती. आणलेला कूलर परत पाठवायचा म्हणजे गल्लीत चर्चा. राहू द्या, म्हणाले मारोतराव. अर्जावर शिक्का आहे म्हणजे परवानगी मिळाल्यातच जमा आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. आयुष्यातलं हे दुसरं खोटं, आणि हे ते स्वतःशीच बोलले.

कूलर खिडकीत बसेना. वेल्डिंगवाल्याला बोलावून खिडकीची ग्रील कापली. ग्रील कापण्याच्या आवाजानं सौरव बाहेर आला.

"बाबा, काही मदत करू?"

"नाही नाही जवाईबापू! तुम्ही बसा. हे इथं दरवर्षीच असते."

"दरवर्षी ग्रील कापतात?"

"हवा खेळती राहते," मारोतराव म्हणाले. सौरवनं कापलेल्या खिडकीकडे बघितलं, मागच्या गल्लीबद्दल ताराचंदनं सांगितलेलं आठवलं असणार, आणि तो छान म्हणाला. पण या वेळी जरा थांबून म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सौरव लॅपटॉप उघडून मीटिंगला बसला. दार लावलेलं होतंच. खिशात रंभाबाईंनी उन्हाचा म्हणून दिलेला कांदा होता, आणि देताना हा फक्त शोभेचा आहे असं मारोतरावांनी सांगितलं होतं. मारोतरावांनी बाहेरून बटण दाबलं. विमान सुटावं तसा आवाज झाला.

गोविंदाचा कूलर हवा ओढत होता ती शेजारच्या कामिनीबाईंच्या अंगणातून, आणि कामिनीबाईंनी नेमकी त्याच दिवशी वर्षाची भिवापुरी मिरची वाळत घालून खलबत्त्यात कुटायला घेतली होती. भिवापूरची मिरची कशी असते ते रंभाबाईंच्या माहेरच्या माणसांना विचारा. ती ताटात असली की कौतुक, नाकात गेली की रडारड. खलबत्त्याचे दोनच घाव झाले असतील. मग ती सगळी धूळ ओल्या खसमधून निघून, दार लावलेल्या त्या खोलीत, थेट जावयाच्या तोंडावर गेली.

आतून पहिली शिंक आली. मग शिंकांची रांगच लागली. मीटिंगमध्ये पुण्यातले, बंगळुरातले आणि कुठले कुठले लोक विचारत होते, "सौरव, आर यू ओके?" आणि सौरव डोळ्यांतून पाणी गाळत सांगत होता की तो छान आहे.

"अवो कामिनीबाई, थांबवा वं ते!" रंभाबाई भिंतीवरून ओरडल्या.

"मी काय केलं? माझीच मिरची तुमच्या घरात चालली!" कामिनीबाईंचा आवाज आला, आणि तो बरोबर होता.

मारोतराव बटणाकडे धावले, पण बटणाला हात लागायच्या आधीच गल्लीच्या टोकाच्या विजेच्या डीपीत धाडकन आवाज झाला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, कामिनीबाईंचा टीव्ही थांबला, ताराचंदच्या घरातला मिक्सर थांबला. नवतप्याच्या दुपारी अख्ख्या गल्लीची लाइन गेली.

लाइनमन संध्याकाळी येतो म्हणाला. तोवर गल्लीनं घरात बसणं शक्यच नव्हतं. उन्हं कलली तशी माणसं खुर्च्या, चटया, पुठ्ठ्याचे पंखे घेऊन बाहेर आली. सगळ्यांची मान एकदा डीपीकडे आणि एकदा वैरागड्यांच्या खिडकीकडे वळत होती. मारोतराव फाटकापाशी उभे होते. खात्यात असताना एकदा त्यांच्या हातून कालव्याचा नकाशा उलटा टपालात गेला होता, तेव्हाही त्यांना इतकं लाजल्यासारखं झालं नव्हतं. सौरव पायरीवर बसला होता. डोळे लाल, मानेवर घामोळं.

तेवढ्यात मयुराचा ऑटो गल्लीत आला. ती एक दिवस आधीच आली होती.

"काय झालं बाबा? हा लग्नाचा कूलर आपल्या खिडकीत काहून आहे?"

"जवाईबापूले गरम होऊन राहिलं होतं," मारोतराव म्हणाले.

"आपल्या कूलरमध्ये?" मयुरानं मागच्या खोलीत डोकावून बघितलं. दाराखाली अजून टॉवेल होता. ती टॉवेल हातात धरून बाहेर आली. "दार लावलं होतं? चार दिवस? आणि कोणी सांगितलं नाही याले?"

ताराचंद डीपीकडे पाहू लागला. कामिनीबाईंनी पदर नाकाशी घेतला, म्हणजे मिरचीसाठी.

सौरव हळूच उठला. "म्हणजे फक्त दार उघडायचं होतं?"

"हो रे."

"सगळ्यांना माहीत होतं?"

"गल्लीतल्या मांजरीलेही माहीत आहे," मयुरा म्हणाली.

सौरव हसेल असं सगळ्यांना वाटलं. तो हसला नाही. "बाबा, मी काल आईला फोन करून सांगितलं की नागपूर जमणार नाही. मला वाटलं हे घरच असं आहे, इथली हवाच अशी आहे. करार पुन्हा करायचा असं माझ्या मनात ठरलं होतं."

मारोतरावांना खाली बसावंसं वाटलं, पण गल्लीसमोर ते बसले नाहीत. "ऊन तुम्हाले जास्त वाटू नाही म्हणून मी..."

"उन्हाचं मला माहीत होतं. तापमान फोनवर दिसतं. पेपरही फोनवर येतो, सगळ्या पानांसकट." त्यानं मयुराच्या हातातला टॉवेल घेतला. "उन्हाची मला भीती नाही. पण चार दिवस मी चुकतोय हे सगळ्यांना दिसत होतं आणि एकानंही मला सांगितलं नाही. मी इथं राहायला आलो तर जन्मभर असंच चालणार का? मी चुकायचं आणि तुम्ही हो जी, हो जी म्हणायचं? पाहुणा म्हणून आठ दिवस ठीक आहे. पाहुणा म्हणून संसार कसा करू मी?"

लाइनमन आला, फ्यूज टाकला, वैरागड्यांच्या खिडकीकडे बोट दाखवून दोन शब्द बोलला, आणि लाइन आली. माणसं आपापल्या घरात गेली.

स्वयंपाकघरात रंभाबाई पुरण वाटत होत्या. मारोतराव दारात उभे राहिले.

"पोरगं बरोबर बोललं," रंभाबाई म्हणाल्या. "भैताड आपणच आहो. माझ्या बाबानं तुम्हाले त्या दिवशी मिठाचं सांगितलं असतं, तर इतकी वर्षं तुम्ही भिवापूरले जायला टाळाटाळ नसती केली."

ते खरं होतं. देण्याच्या नादात त्यांनी स्वतः तो चहा घेतलाच नव्हता. नंतर कुणीतरी हसत हसत ती मिठाची गोष्ट सांगितली, तेव्हा ती त्यांना कळली, आणि तेव्हापासून त्या घरात चहाचा कप हातात घेतला की आपण या घरचे नाही असं त्यांना वाटायचं.

दुसऱ्या दिवशी धोंडे झाले. गोविंदाचा कूलर परत गेला आणि जुना कूलर ग्रील नसलेल्या खिडकीत, विटा लावून, कसाबसा बसवला. सौरवला पाटावर बसवलं, ओवाळलं, अनारशांचं ताट पुढं ठेवलं. ताराचंद आणि कामिनीबाई जेवायला होते. झाल्या प्रकाराचा विषय कुणी काढला नाही. पुरणावर तूप पडत राहिलं, सौरव खात राहिला आणि मयुरा त्याच्याकडे बघत राहिली. करार पुन्हा करायचा की नाही, हे अजून कुणी बोललं नव्हतं.

जेवण झालं. सौरव हात पुसत उठला, मागच्या खोलीत गेला. कूलर सुरू झाल्याचा आवाज आला. आणि मग दार लागलं.

सवयीनं लावलं की मुद्दाम, ते त्यानं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

रंभाबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. ताराचंदनं अनारसा तोंडाशी धरून ठेवला. मयुरा वडिलांकडे बघत होती आणि मदत करायचं तिच्या मनात दिसत नव्हतं. मारोतराव उठले. दारापर्यंत गेले. कडीला हात लावला, आडून उघडावं असा विचार आला, आणि तो त्यांनी मागं घेतला. त्यांना भिवापूरचा तो चहा आठवला. शेजारच्या गृहस्थांनी मागून घेतलेला अर्धा कप आठवला. मग त्यांनी आयुष्यात कुठल्याही जावयाला कुणी मारली नसेल अशी हाक मारली.

"अबे सौरव! दार उघड ना गा! एसी आहे काय तो? कितीकदा सांगा लागते?"

पहिल्यांदाच सांगत होते ते. पण ते लक्षात आणून द्यायची कुणाची हिंमत झाली नाही. कामिनीबाईंनी डोळे मिटून घेतले.

दार उघडलं. गार हवेचा झोत सबंध घरातून समोरच्या दारानं बाहेर गेला. सौरव उंबऱ्यात उभा होता आणि मोकळेपणानं हसत होता. "उघडलं, बाबा." मग त्यानं हात पुढं केला. "आता वरची किल्ली द्या. आम्हाला घर बघायचंय. रंग वाळला असेल ना?"

मारोतरावांनी कमरेची किल्ली काढली. ती त्यांनी नीट सौरवच्या हातावर ठेवली.

"रंग लावलाच नव्हता गा," ते म्हणाले. "वर दुपारी भट्टी होते. दोन कूलर लागतीन." मग त्यांना राहवलं नाही. "पण नळाले पाणी चांगलं येते. रोज पाहतो मी."